मनकर्णाबाईंचा शेरा

मनकर्णाबाई लोणारे यांची उंची चार फूट तीन इंच. हा आकडा मी छातीठोकपणे सांगतो, कारण धानाची उंची मोजायच्या पट्टीला पाठ लावून त्यांनी एकदा मलाच तो वाचायला लावला होता. वर म्हणाल्या, "लिहा सायेब, बुटकं वाण हाय. वाऱ्यावादळात लोळत नाई."

सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात मी तेहतीस वर्षं संशोधन सहायक होतो. त्यातली तेवीस वर्षं मनकर्णाबाई माझ्या हाताखाली रोजंदारीवर होत्या. हाताखाली हे आपलं म्हणायचं. धानाच्या संकराचं खरं काम त्या करायच्या आणि वहीवर सही मी करायचो. माझी बोटं जाड, स्वभाव तापट आणि नजर चाळिशीनंतर अधू झालेली. धानाचं फूल उमलायच्या आत त्याचं टोक बारक्या कात्रीनं छाटायचं, आतले सहाच्या सहा परागकोश चिमट्यानं काढायचे, एकही फुटू द्यायचा नाही, लोंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकायचे. हे सगळं बांधीतल्या, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यातल्या, चिखलात उभं राहून. आम्ही बाकीचे कमरेत वाकायचो आणि तासाभरात कंबर धरून बांधावर टेकायचो. मनकर्णाबाईंचे डोळे मुळातच लोंबीच्या उंचीला. आमचं पाणी पिऊन होईस्तोवर त्या पुढच्या ओळीत गेलेल्या असायच्या.

हे बुटकेपण त्यांच्या पायांतून आलं होतं. दोन्ही पाय गुडघ्यापासून बाहेर वाकलेले, इतके की उभ्या राहिल्या तर मधून मांजर आरामात जाईल. चालताना डावी-उजवीकडे डोलायच्या. त्यांचे वडील रामाजी तसेच होते, दोघी बहिणीही तशाच. कुणी पायांकडे टक लावून पाहिलं तर खाली मान घालणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "पाय काऊन पाहून राह्यले? रोवण्यात कोनाची पात पुढं जाते ते पाहा," असं तोंडावर सांगायच्या. आणि रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, पात खरोखरच त्यांचीच पुढे असायची.

शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर टपोरं. पहिल्या आठवड्यात मी त्यांना तीन नियम शिकवले, म्हणजे ओरडून सांगितले. लेबलवर पेन्सिलनंच लिहायचं, शाई पावसात धुऊन जाते. संकराच्या जोडीत आधी आईचं नाव, मग बापाचं. आणि वहीतला शेवटचा रकाना, शेऱ्याचा, निकाल येईपर्यंत कोरा ठेवायचा. त्या रकान्यात दोनच गोष्टी लिहिल्या जातात: 'काढून टाकावे' किंवा 'पुढे न्यावे'. उत्साहाच्या भरात आधीच शेरा लिहिणाऱ्या दोघा पदवीधरांना मी वहीसकट बाहेर काढलं होतं. मनकर्णाबाईंनी हे नियम तेवीस वर्षांत एकदाही मोडले नाहीत. आईचं नाव आधी, हे तर त्यांना फारच आवडलं होतं. "सरकारी कागदावर पयल्यांदाच पाह्यलं जी," म्हणाल्या होत्या.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात कुणाचं हाड वाकडं दिसलं की डॉक्टर असो, मास्तर असो की पानठेलेवाला, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द येतो: फ्लोराईड. तो काही उगाच येत नाही. कित्येक गावांच्या जमिनीतलं पाणी खरंच तसं आहे. पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, म्हाताऱ्यांच्या माना आखडतात. मनकर्णाबाईंचं सासर आणि माहेर एकाच गावात, मधे एक गल्ली. माहेरच्या अंगणासमोर हातपंप होता आणि दोन्ही घरं त्याचंच पाणी पीत. मी मोठ्या ऐटीत त्या पाण्याची बाटली भरून तपासायला पाठवली. फ्लोराईड मर्यादेपेक्षा जास्त निघालं. मी तो कागद फडकावत गावात गेलो, ग्रामपंचायतीत जाऊन भांडलो, पंपावर लाल रंगाची फुली मारून घेतली आणि गावाबाहेरच्या जुन्या विहिरीचं पाणी प्या म्हणून सगळ्यांना बजावलं. तेव्हापासून मनकर्णाबाई रोज सकाळी दीड किलोमीटरवरून पाणी आणू लागल्या. वाघाच्या भीतीनं बायका घोळक्यानं, मोठमोठ्यानं बोलत जायच्या आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज यांचा. त्या पायांनी, डोक्यावर हंडा घेऊन. आणि मला वाटायचं की मी एका घराचं भलं केलं.

त्या कागदाचा आणखी एक उपयोग झाला. मनकर्णाबाईंना दोन मुलं. मुलगा सरळसोट, उंच. तो सूरजागडच्या लोहखाणीवर डंपर चालवतो. मुलगी नंदिनी मात्र आईच्या वळणावर गेली, पाय जरा कमी वाकलेले इतकंच. तिला पाहायला मूल या तालुक्याच्या गावचे पाहुणे आले तेव्हा मुलाच्या आईनं, चंदाबाईंनी, सरळच विचारलं, "पाय असे काऊन?" मनकर्णाबाईंनी माझा तपासणीचा कागद त्यांच्या हातात ठेवला. "पान्याचं हाय जी. रक्तात काई नाई." चंदाबाईंनी कागद उलटसुलट केला, खालचा शिक्का पाहिला आणि चहाचा कप उचलला. मुलगा अश्विन वीजखात्यात कंत्राटी लाईनमन. त्याला नंदिनी आवडलेलीच होती. लग्न झालं आणि मी पोटभर जेवून आलो.

दोन वर्षांनी नंदिनीला मुलगी झाली, संघप्रिया. वर्षभर सगळं छान होतं. पोरगी दीड वर्षाची होऊन उभी राहायला लागली आणि पाय हळूहळू धनुष्यासारखे व्हायला लागले. मूलमधल्या एका हाडांच्या डॉक्टरांनी नंदिनीकडे पाहिलं, गाव विचारलं आणि ठरलेला शब्द उच्चारला. पाणी बदला, ही व्हिटॅमिनची पावडर द्या, या कॅल्शियमच्या गोळ्या. अश्विननं घरात पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. पोरगी वर्षभर ते पाणी प्यायली, पावडर खात राहिली आणि पाय आणखी वाकले. डॉक्टर म्हणाले, जरा मोठी झाली की हाड कापून सरळ करू.

हे कळल्याच्या दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई कामावर आल्या. दुपारी डबा न उघडता माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"माझं जे व्हायचं ते झालं, सायेब. नंदिनीचंई झालं. पन हे पोट्टी अजून कवळी हाय. हाड कवळं हाय तवरच काई होईल तं होईल. मंग नाई."

मी त्यांना धीर दिला. पाण्याचा परिणाम जायला वेळ लागतो, असं काहीतरी शहाण्यासारखं बोललो. आज ते वाक्य आठवलं की मला माझाच राग येतो.

त्यानंतर महिन्याभरानं त्या गडचांदूरला गेल्या. त्यांची मधली बहीण उर्वशी तिथं दिलेली, नवरा सिमेंटच्या कारखान्यात. घरभरणीचं जेवण होतं. उर्वशीचा धाकटा मुलगा विक्की तेव्हा चार वर्षांचा. त्याला मनकर्णाबाईंनी पाळण्यात पाहिलं होतं, त्यानंतर त्या दिवशीच. तो अंगणातून धावत आला आणि त्याचे पाय पाहून यांच्या हातातलं ताट तसंच राहिलं. विक्की जन्मल्यापासून गडचांदूरच्या नळाचं पाणी पीत होता. आमचा हातपंप त्यानं कधी पाहिलासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बियाण्याच्या गोदामात गेलो तर मनकर्णाबाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या आणि समोर संकराची नवीकोरी लेबलं पसरलेली. दोऱ्याची, चांगली, त्या वर्षी मागवलेली. माझं डोकंच फिरलं.

"काय चाललंय हे? सरकारी लेबलं आहेत ती! खेळायला दिलीत का?"

"खेळून नाई राह्यली जी," त्या वर न पाहता म्हणाल्या. "बसा जरा."

मी बसलो नाही, पण वाचलं. प्रत्येक लेबलवर पेन्सिलनं एकेक नाव. सगळ्यात वर त्यांची आई आणि रामाजी. खालच्या ओळीत त्यांची पाच लेकरं. त्याखाली पाचही जणांची मुलं, प्रत्येकावर आधी आईचं नाव, मग बापाचं. ज्याचे पाय वाकडे त्याच्या लेबलाला लाल दोरा, सरळ त्याला पांढरा. अगदी आमच्या प्रक्षेत्रात ओळी लावतात तशी मांडणी.

"आता पाहा. बाबाले तीन पोरी, दोन पोरं. मी, उर्वशी, धाकटी, तिघीई लाल. मुखरू आन पत्रू, दोघंई पांढरे. माझे हे भाऊ त्याच अंगनात राह्यले, त्याच पंपाचं पानी पेले. त्याहिचे पाच लेकरं, पाचई सरळ. दात खराब हायत पाचाहीचे, पाय नाई. अन् माझे दात पाहा." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. मुळाशी पू होऊन निम्मे दात पडलेले होते, पण उरलेल्यांवर डाग एक नव्हता. "पानी असतं तं घर सोडून गेलेल्या उर्वशीच्या पोट्ट्याले कसं झालं? अन् घरात राह्यलेल्या मुखरूच्या पोट्ट्याहिले काऊन नाई झालं? हे बाबापासून उतरून राह्यलं, सायेब. धानात उतरते तसं."

"बाई, माणसं म्हणजे धान नव्हे," मी म्हणालो.

"लेबल तुमीच लावाले शिकवलं," त्या म्हणाल्या.

मग मात्र मी बसलो. तीस वर्षं मी धानाच्या पिढ्या मोजल्या होत्या. कुठला गुण कुठल्या आईकडून आला हे वहीत न पाहता सांगायचो. आणि त्या अंगणात मी दहा वेळा चहा प्यायलो होतो, मुखरूची सरळ पायांची पोरं माझ्या समोरून धावत होती, मला दिसलंच नाही. पाण्याचा कागद माझ्या डोळ्यांवर बसला होता. सातवी शिकलेल्या बाईनं जेवणाच्या सुट्टीत ते जमिनीवर मांडून दाखवलं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच्या दुप्पट अभिमान वाटला.

"मी तुम्हाला इतकी वर्षं फुकट विहिरीवर पाठवलं," मी म्हणालो.

"फुकट काऊन? दात तं खराब होतातच ना. फुली राहू द्या." मग लेबलं गोळा करता करता म्हणाल्या, "मले लंबा कागद द्या एक. नागपूरले न्याचा हाय."

प्रयोगाच्या आराखड्याचा मोठा कागद मी दिला. त्यांनी तो स्वतः आखला. नाव, आई, बाप, गाव, पाणी कुठलं, पाय, दात आणि शेवटी, हात सवयीनंच गेला असावा, शेरा. तो रकाना त्यांनी कोरा ठेवला.

पण नागपूरच्या आधी त्यांना मूलला जायचं होतं. मी म्हटलं, आधी डॉक्टर काय म्हणतात ते तर पाहू. त्या ऐकेनात. लग्नाच्या वेळी रक्तात काही नाही असा शब्द त्यांनी दिला होता आणि आता तोच शब्द खोटा ठरत होता. नंदिनीला सासरच्यांनी माहेरी पाठवलं असतं, तर गावात त्याचं नवल कुणालाच वाटलं नसतं. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "पोरीचं घर मोडन," असं त्या वाटेत एकदाच म्हणाल्या. मी सोबत होतो, कारण कागद माझा होता.

चंदाबाईंनी खाट टाकली, पाणी दिलं. मनकर्णाबाई पाणी न पिता म्हणाल्या, "हे पान्याचं नाई जी. हे आमच्या घरचं हाय. माझ्या बापापासून."

"मंग तवा खोटं काऊन बोलली?"

"तवा मले खरंच तसं वाटे."

"कागद माझा होता," मी मधे म्हणालो. "चूक माझी आहे."

चंदाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "आमाले तवा समजलं असतं तं आमी दुसरं घर पाह्यलं असतं."

"पाह्यलं असतं जी. म्हनूनच सांगाले आली. मी नागपूरले सांगीन आन तुमाले मागून दुसऱ्याकडून समजन, हे बरं नाई."

दारात नंदिनी पोरीला कडेवर घेऊन उभी होती. अश्विन तिच्या मागे. चंदाबाईंचा आवाज चढला.

"असली पोरगी घरात आनूच नाई मानसानं! तुमी तं धानात काम करता ना? काय करता असल्या वाकड्या रोपाचं?"

मला वाटलं, आता या बाईचाही तोल जाणार. मनकर्णाबाई शांतपणे म्हणाल्या, "उपटून बांधावर फेकतो जी. धानाले औषध पाजत कोनी बसत नाई. हे लेकरू हाय. हिले पाजाले मी हाय."

त्या उठल्या, नंदिनीकडून संघप्रियाला घेतलं आणि त्या डोलत्या चालीनं रस्त्याला लागल्या. नंदिनी पिशवी भरून मागोमाग आली. अश्विन आईपाशी दोन मिनिटं थांबला आणि मग मोटरसायकल ढकलत आमच्या बरोबरीनं बसस्टँडपर्यंत आला. चंदाबाई काही बाहेर आल्या नाहीत.

नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अश्विनसकट आम्ही चौघं मोठी माणसं आणि ती पोरगी सकाळी आठपासून बसलो. पहिल्या तरुण डॉक्टरनं नाव-गाव विचारलं आणि विचारलं, "पाणी कुठलं पिता?" मनकर्णाबाईंनी कागद त्याच्या टेबलावर उलगडला तो असा, की त्याचा स्टेथोस्कोप खाली पडला. "पान्याचं मंग पाहा. आधी हे वाचा."

त्यानं वाचलं, दोनदा वाचलं आणि आपल्या मॅडमना बोलावून आणलं. त्या पन्नाशीच्या, केस पांढरे, बोलणं थोडकं. कागदावर त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मग बोट रामाजींच्या ओळीवर ठेवलं. "यांच्या तिन्ही मुलींना आहे आणि एकाही मुलाला नाही. नक्की?"

"नक्की जी."

"आणि मुलांच्या मुलांपैकी कुणालाच नाही."

"कोनालेच नाई."

"हा कागद कुणी केला?"

"मी."

"आईचं नाव आधी लिहिलंय."

"आमच्याकडं तसंच लिवतात."

मॅडम हसल्या. मग त्यांनी खुर्ची ओढून नीट समजावलं. हाडांच्या वाढीचा हा आजार फार थोड्या घरांत असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. बापाकडून तो त्याच्या सगळ्या मुलींकडे जातो, मुलाकडे कधीच नाही. आईकडून मात्र मुलगा असो की मुलगी, निम्म्यांकडे जाण्याची शक्यता. शरीर फॉस्फरस लघवीवाटे टाकून देतं, तो हाडांपर्यंत पोचतच नाही, म्हणून वाढत्या वयात हाडं मऊ राहून वाकतात. नुसती व्हिटॅमिनची पावडर दिल्यानं काही होत नाही. रक्त-लघवी तपासून खात्री करू, पण या कागदावरून मला तरी फारशी शंका राहिलेली नाही, असंही म्हणाल्या.

"फॉस्फरस म्हंजे स्फुरद ना?" मनकर्णाबाईंनी मला विचारलं. मी मान हलवली. खताच्या गोणीवर त्यांनी तो शब्द हजारदा वाचला होता. "म्हंजे बांधी फुटकी हाय. किती बी टाका, वाहून जाते."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "म्हणून थोडं थोडं, दिवसातून पाच वेळा द्यायचं. एकदम दिलं तर पोट बिघडेल. सोबत दुसरं एक औषध. वाढ संपेपर्यंत, एकही दिवस न चुकता. वेळेवर आलात, बहुतेक ऑपरेशनची वेळ येणार नाही. जमेल?"

"वीस वर्षं सकाळच्या येळी फूल उघडाच्या आत बांधीत उभी राह्यली मी," मनकर्णाबाई म्हणाल्या. "पाच येळा काय चीज हाय."

मॅडमनी कागदाची झेरॉक्स मागितली, विद्यार्थ्यांना दाखवायला. पेन्सिल फिकट उमटली म्हणून त्यांनी स्वतः दोनदा काढायला लावली. देताना विचारलं, "हा शेवटचा रकाना कोरा कसा?"

"निकाल आल्याबिगर भरत नाई जी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

आठ दिवसांनी तपासण्या आल्या. मॅडमचा अंदाज बरोबर होता.

पुढची गोष्ट सांगायला सोपी, करायला महाकठीण. ते फॉस्फरसचं पाणी खारट-कडवट, मी जिभेवर टेकवून पाहिलंय. संघप्रिया ते थुंकायची, रडायची, पहिले दोन महिने तिचं पोट सारखं बिघडायचं. मनकर्णाबाई पुन्हा माप भरायच्या, पुन्हा पाजायच्या. थुंकलेलं किती, पोटात गेलेलं किती, वहीत लिहायच्या. दुपारचा डोस अंगणवाडीत मोनालीताईंच्या हातून. कामावर असल्या तरी त्या वेळेला त्यांचा हात थबकायचा आणि त्या म्हणायच्या, "आता पाजून राह्यली असन." दर तीन महिन्यांनी नागपूर, रक्त, लघवी, एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी. उर्वशीच्या विक्कीलाही त्यांनी ओढत नेलं. धाकट्या बहिणीला पन्नास शंका होत्या, तिलाही नेलं. आमच्या केंद्रातल्या कुठल्याच प्रयोगाची इतकी नेटकी वही मी पाहिली नाही, आणि माझ्या वह्या नेटक्या असायच्या.

अश्विन दर रविवारी यायचा. आठ महिने असेच गेले. एका रविवारी त्याच्या मागच्या सीटवरून चंदाबाई उतरल्या. ओसरीवर बसून राहिल्या. त्यांच्यासमोर सकाळचा डोस झाला, दुपारचा झाला. दुपारी पोरीनं थुंकून टाकलं, आजीनं तोंड पुसलं, माप पुन्हा भरलं, पुन्हा पाजलं. न ओरडता, न दटावता. संध्याकाळचा झाला तेव्हा चंदाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "ते माप भराचं मलेई शिकवा."

मनकर्णाबाईंनी शिकवलं. एकदा नाही, चार वेळा भरून घेतलं, आणि चौथ्यांदा रेषेला बरोबर आलं तेव्हाच बाटली हातात दिली. नंदिनी आणि संघप्रिया पुढच्या आठवड्यात मूलला परतल्या. त्यानंतर मूलमध्ये डोस चुकवायची अश्विनची तर सोडाच, त्या घरातल्या कुणाचीच छाती झाली नाही. घड्याळ चंदाबाईंच्या कमरेला.

या गोष्टीला आता साडेचार वर्षं झाली. संघप्रिया आठ वर्षांची आहे. पाय अगदी सरळ नाहीत. जरा बाक आहे, निरखून पाहिलं तर दिसतो. ऑपरेशन झालेलं नाही. वर्गाच्या रांगेत उंचीनुसार ती बुटक्यांच्या बाजूनं तिसरी उभी राहते. लोणारेंच्या आणि रामाजींच्या घरात वाकड्या पायांची जितकी माणसं झाली, त्यांतलं कुणीही आजवर त्या रांगेत पहिल्या जागेवरून हललं नव्हतं. गेल्या जानेवारीत शाळेत धावायची शर्यत झाली. ती चौथी आली. मनकर्णाबाई केंद्राच्या फाटकापासून ओरडत आल्या, "चवथी आली जी! चवथी!" नव्या आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, एकूण किती मुली होत्या. मी त्याला गप्प बसायला सांगितलं. मला तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, सहज केंद्रात डोकावलो होतो, कुणाला गप्प करायचा मला काही हक्क नव्हता, पण केलं.

गेल्या आठवड्यात दोघी विहिणी माझ्या घरी आल्या. घड्यांवर फाटलेला तो जुना कागद बरोबर आणला होता. नव्या कागदावर उतरवायचा होता, कारण एक ओळ वाढणार होती. नंदिनीला पुन्हा दिवस गेलेत, नववा महिना चालू आहे. मॅडमनी सांगून ठेवलंय, बाळ महिन्याभराचं झालं की घेऊन या, लवकर कळलं तर लवकर सुरू करू. शक्यता निम्मी.

मी रेघा आखून दिल्या. मनकर्णाबाई पेन्सिलनं उतरवत गेल्या, त्याच टपोऱ्या अक्षरात. रामाजी. तिघी बहिणी, दोघे भाऊ. त्यांची मुलं. संघप्रिया. सगळ्यात खाली, नावाची जागा सोडून, आई नंदिनी, बाप अश्विन.

चंदाबाई शेजारी बसून पाहत होत्या. त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे खालीच काऊन? काईच लिवलं नाई?"

"तिथी शेरा लिवतात," मनकर्णाबाई म्हणाल्या. "धानात दोनच असतात. काढून टाकावे, नाई तं पुढे न्यावे."

चंदाबाईंचं बोट तिथंच राहिलं. आपण काय बोललो होतो ते त्यांना आठवलं असणार, कारण मान खाली गेली. मग त्या म्हणाल्या, "मंग लिवा ना जी."

मनकर्णाबाईंनी पेन्सिल घेतली आणि वरून सुरुवात केली. रामाजी: पुढे न्यावे. मनकर्णा: पुढे न्यावे. उर्वशी, धाकटी, मुखरू, पत्रू. लाल काय, पांढरं काय, एकही ओळ सोडली नाही. नंदिनी. विक्की. संघप्रिया. हात त्या शेवटच्या, नाव नसलेल्या ओळीवर आला आणि थांबेल असं मला वाटलं. तो थांबला नाही. तिथंही त्यांनी तेच लिहिलं, जरा जास्तच दाबून.

निकाल यायच्या आत शेरा लिहायचा नाही, हा माझाच नियम. तेवीस वर्षांत न मोडलेला. मी आठवण करून द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात चंदाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं दुसऱ्या पेन्सिलीला टोक करायला घेतलं.